सोलापूरच्या उन्हाची सवय सबीनो कॅन्यनच्या ओढ्याकाठी किती उपयोगी पडते?

जुळे सोलापुरातल्या एका निवृत्त शिक्षकांचा प्रश्न आला आहे. मार्चअखेरीस ते आणि त्यांच्या पत्नी लेकीकडे अमेरिकेत, ॲरिझोनातल्या टूसॉन शहरात जाणार आहेत. जावयांनी सबीनो कॅन्यनमधून हचेस पूल नावाच्या डोहापर्यंतचा दिवसभराचा ट्रेक ठरवला आहे. दोघंही साठीच्या आसपास, रोज पहाटे वनविहारात फिरणारे. सरांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. ते लिहितात, ‘उन्हाची आम्हाला सवय आहे आणि वाट ओढ्याकाठची आहे, त्यामुळे पाण्याचं फार ओझं लागू नये असं वाटतं. साप, गुडघे आणि इथल्या इथे करायच्या सरावाबद्दल सांगा.’

सर, जरूर जा. सोलापुरातून मी अनेक वर्षं लोकांना डोंगरात घेऊन जातो आणि टूसॉनच्या मुक्कामात सबीनोच्या वाटा वेगवेगळ्या ऋतूंत चाललो आहे. तिथे साठीच्या पुढची कितीतरी माणसं आनंदाने चालताना दिसतात. पण तुम्ही दोन गोष्टी गृहीत धरल्या आहेत, उन्हाची सवय आणि शेजारचा ओढा. आपल्याकडून जाणाऱ्यांना नेमक्या याच दोन गोष्टी अडचणीत आणतात, म्हणून बाकीचं मागाहून सांगतो.

आधी ऊन. मार्चअखेरीस सोलापुरात पारा चाळिशीकडे सरकलेला असतो. टूसॉनला त्याच दिवसांत दुपारी पंचवीस-सत्तावीस अंश आणि पहाटे दहाच्या आसपास. आपल्या माणसाला ही हवा महाबळेश्वरासारखी वाटते. घाम दिसत नाही, घसा कोरडा पडत नाही, आणि दोन तास चाललो तरी बाटली तशीच असते. तिथली हवा विलक्षण कोरडी आहे. दुपारी आर्द्रता दहा-पंधरा टक्क्यांवर येणं नेहमीचं. अंगावर आलेला घाम भिजवायच्या आत उडून जातो. माठाचं पाणी ज्या कारणाने गार होतं, त्याच कारणाने तुम्हालाही गार वाटत राहतं आणि माठासारखेच तुम्हीही रिकामे होत जाता. तासाभराच्या चढानंतर शर्टाच्या पाठीवर, सॅकच्या पट्ट्याखाली बोट फिरवून पाहा. कापड कोरडं असतं, पण बोटाला मीठ लागतं. गडद रंगाचा शर्ट असेल तर पांढऱ्या रेघा उघड दिसतात. तहान लागली की पिऊ, असं ठरवलं तर तिथे उशीर झालेला असतो. दर पंधरा-वीस मिनिटांनी चार-पाच घोट घ्या. लघवी गडद पिवळी झाली किंवा तीन-चार तासांत झालीच नाही, तर सावलीत बसा, पाणी आणि मीठ घ्या आणि मग पुढचं ठरवा.

मिठाचंही तितकंच महत्त्व आहे. दिवसभर नुसतं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस गोंधळतो. ही लक्षणं पाणी कमी पडल्यासारखीच दिसतात, म्हणून लोक आणखी पाणी पाजतात आणि प्रकरण बिघडतं. इलेक्ट्रॉलची पाकिटं न्या किंवा घरचं करा: एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. खायला आपली कडक भाकरी आणि शेंगा चटणी यापेक्षा चांगलं मला तरी सुचत नाही. भाकरी मोडत नाही, विटत नाही, चटणीत तेल, मीठ, शेंगदाणे सगळं येतं. विमानतळावर उतरल्यावर बरोबरचे खाद्यपदार्थ जाहीर करायला मात्र विसरू नका. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवणाऱ्या असतात. तुमची त्यातली आहे का, आणि ट्रेकच्या दिवशी ती कधी घ्यायची, हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. मनाने गोळी चुकवू नका.

आता ओढा. हचेस पूलची वाट ओढ्याकाठची म्हणून सांगितली जाते, आणि शेवटचा टप्पा आहेही तसा. पण सुरुवात तशी नाही. सबीनोच्या प्रवेशद्वारापासून वर जाणारा डांबरी रस्ता सुमारे सहा किलोमीटरचा आहे. त्यावर खासगी गाड्यांना बंदी आहे. विजेवर चालणारी शटल जाते. शेवटच्या थांब्यावर उतरलात की पाऊलवाट लगेच वळणं घेत चढते आणि मग जवळजवळ चार किलोमीटर डोंगराच्या कुशीतून, ओढ्याच्या खूप वरून जाते. खाली पाणी चमकताना दिसतं, आवाजही येतो, पण हात पोचत नाही. मधला उतार काटेरी आणि निसरडा आहे. पाण्यासाठी तिथून खाली उतरायचा विचारही करू नका. वाट सबीनो बेसिन नावाच्या खोलगट जागी उतरते तेव्हा कुठे ओढ्याची गाठ पडते. तिथून पश्चिमेकडच्या फाट्याने, पाण्याच्या सोबतीने आणखी अडीच किलोमीटर गेलं की डोह. म्हणजे जाऊन-येऊन साधारण तेरा किलोमीटर, आणि त्यातली निम्म्याहून जास्त वाट कोरड्या, सावली नसलेल्या कडेची. परतीला हाच टप्पा दुपारच्या उन्हात पुन्हा येतो, तेव्हा बाटलीत शेवटचे घोट उरलेले असतात.

म्हणून माणशी चार लिटर पाणी घरूनच भरून न्या. चार किलो वजन आहे, पण दर तासाला ते कमी होत जातं. आणि एक नियम दोघांनी शटलमध्ये बसण्याआधीच ठरवून टाका: दोन लिटर संपले की जिथे असाल तिथून मागे फिरायचं. डोह अर्ध्या किलोमीटरवर असला तरी. वाळवंटी डोंगरात परतीची वेळ मी घड्याळावर कमी आणि बाटलीवर जास्त ठरवतो, कारण थकलेला माणूस घड्याळाशी तडजोड करतो. ओढ्याचं पाणी राखीव समजा, हिशेबात धरू नका. ते तसंच पिण्याजोगंही नाही. दिसायला काचेसारखं असतं, पण जिआर्डियासारखे आतड्यांचे परजीवी त्यात असू शकतात. आपण इथे प्रवासात मेडिक्लोरचे थेंब टाकतो. पण ते क्लोरीनच असतं. गार पाण्यात जिआर्डियावर क्लोरीन फार हळू काम करतं आणि क्रिप्टोस्पोरिडियम या दुसऱ्या परजीवीवर जवळजवळ करतच नाही. तिथल्या दुकानांत ०.१ मायक्रॉनचे हाताने पिळायचे फिल्टर सहज मिळतात. जावयांना एक आणून ठेवायला सांगा.

या ओढ्याचा स्वभाव समजून घेणं हा माझ्या मते या ट्रेकचा गाभा आहे. टूसॉन शहर समुद्रसपाटीपासून साधारण सव्वासातशे मीटरवर, आणि मागे उभ्या असलेल्या सांता कॅटालिना पर्वताचं माउंट लेमन हे शिखर २,७९१ मीटर उंच. खाली सग्वारो निवडुंग, वर पाइन आणि फरची जंगलं, हिवाळ्यात बर्फ. सबीनोचा ओढा त्या बर्फावर आणि हिवाळी पावसावर चालतो. म्हणून मार्चमध्ये तो बहुधा भरलेला असतो, मे-जूनमध्ये अनेकदा आटून डबक्यांवर येतो आणि जुलैपासून सप्टेंबरपर्यंतच्या वळिवासारख्या पावसात अचानक फुगतो. आपल्या ओढ्यांना डोक्यावरचा पाऊस कळतो. या ओढ्याला वरच्या डोंगरातलं हवामान कळतं, जे तुम्हाला दिसतही नाही. स्वच्छ आकाशाखाली पाणी चढू शकतं.

तुमच्या दिवसांत जपायचं ते बर्फाच्या पाण्यापासून. दिवसा बर्फ वितळतो, ते पाणी खाली यायला काही तास लागतात. सकाळी ज्या दगडांवरून पाय न भिजवता गेलात, ते परतताना पाण्याखाली असू शकतात. म्हणून जाताना प्रत्येक ओलांडणीवर थांबून एखादा ओळखीचा दगड हेरून ठेवा आणि पाणी त्याच्या कुठवर आहे ते फोनमध्ये टिपा. येताना अंदाज करत बसावं लागत नाही. या ओढ्यावर अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं प्रवाहमापक यंत्र आहे आणि त्याचे आकडे इंटरनेटवर कोणालाही दिसतात. आदल्या दोन दिवसांचा आलेख पाहा. मी आकड्यापेक्षा रेघेची दिशा बघतो: उतरती असेल तर जायचं, उभी चढत असेल तर दुसरा बेत. आणखी एक साधी खूण आहे. डांबरी रस्ता ओढ्यावरच्या नऊ दगडी पुलांवरून जातो. हे पूल १९३० च्या दशकातल्या मंदीत रोजगाराच्या सरकारी कामातून बांधले गेले आणि बुटके आहेत. पाणी वाढलं की वरून वाहतं आणि शटल मध्येच थांबवतात. ज्या दिवशी शटल शेवटच्या थांब्यापर्यंत जात नाही, त्या दिवशी वरच्या रानात ओढा ओलांडायला जाऊ नका.

ओलांडायची रीतही सांगतो. बूट काढू नका. गार पाण्यात अनवाणी पाय बधिर होतात आणि बोटं दगडात अडकतात. सॅकचा कमरेचा पट्टा सोडा, म्हणजे पडलात तर सॅक झटकता येते. तोंड प्रवाहाच्या वरच्या दिशेला, काठी पुढे रोवलेली, आणि एकेक पाऊल आडवं टाकत जायचं. पाणी गुडघ्याच्या वर असेल आणि वेग असेल तर परत फिरायचं. धबधब्याच्या किंवा उतरंडीच्या वरच्या बाजूला कधीही ओलांडू नये. कातळाचं म्हणाल तर आपला काळा बेसाल्ट खरखरीत असतो, बूट धरून ठेवतो. तिथला ‘नाइस’ (gneiss) जातीचा, पट्ट्यापट्ट्यांचा फिकट खडक पाण्याने इतका घासला गेला आहे की कोरडा असतानाही गुळगुळीत लागतो, आणि ओला झाला, वर शेवाळ आलं की पाय ठरत नाही. सह्याद्रीत चाललेली पक्की माणसंही तिथे पहिल्या ओलांडणीला घसरतात, कारण त्यांच्या पायाला दुसऱ्या दगडाची सवय असते.

वळिवाच्या महिन्यांत कोणी जाणार असेल त्यांच्यासाठी: पाणी एकाएकी गढूळ झालं, काटक्या आणि पाइनच्या सुया वाहत आल्या किंवा वरून घरघर ऐकू आली, तर सामान सोडून उंच जागी चढायचं. जून २०२० मध्ये वीज पडून लागलेल्या बिगहॉर्न वणव्यात या पर्वतावरचं सुमारे १ लाख २० हजार एकर क्षेत्र वणव्याच्या कक्षेत आलं. जळलेल्या उतारावर पाणी मुरत नाही. राख, माती, ओंडके घेऊन ते थेट घळीत उतरतं. १९८१ च्या जुलैत जवळच्याच टँक वर्दे धबधब्यावर अचानक आलेल्या लोंढ्याने आठ जणांचा जीव घेतला होता.

सापांचं थोडक्यात. घोणस माहीत असलेल्या सोलापूरकराला रॅटलस्नेक नवा वाटायला नको. तोही त्याच कुळातला, अंगाने जाड, जागा न सोडणारा आणि आधी इशारा देणारा. घोणस फुत्कारते, हा शेपूट खुळखुळवतो. मार्चअखेरीस ते थंडीनंतर बाहेर पडू लागतात आणि सकाळी तापलेल्या दगडांवर पडून राहतात. दिसत नाही तिथे हात घालू नका, ओंडका ओलांडताना आधी पलीकडे बघा, दिसला तर दोन-तीन मीटर मागे सरून वाट द्या. चावलाच तर अंगठ्या, घड्याळ, आणि बाईंच्या हातातल्या बांगड्या ताबडतोब काढा, कारण सूज झपाट्याने चढते. कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही, बर्फ लावायचा नाही. शांत बसवून मदत मागवायची. घळीत फोनला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून घरी लेकीकडे वाटेचं नाव आणि ‘अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर ९११ ला कळव’ असं लिहून ठेवा. परदेशातल्या उपचारांचा विमा घेतला नसेल तर तो आधी.

सापापेक्षा जास्त त्रास देतो चोया निवडुंग. आपला फड्या निवडुंग मुळात अमेरिकेतूनच आलेला, त्याची भावंडं तिथे पावलोपावली आहेत. चोया त्यांचाच चुलत. त्याचे काटेरी गोळे नुसत्या स्पर्शाने सुटतात आणि बुटाला, पोटरीला घट्ट चिकटतात. माणूस सवयीने हाताने ओढायला जातो आणि गोळा हातात रुततो. खिशात मोठ्या दातांचा साधा कंगवा ठेवा. तो कातडी आणि गोळ्याच्या मधे सरकवायचा आणि अंगापासून दूर, झटक्यात उडवायचा. समोर कोणी उभं नाही ना, एवढं बघा. उरलेले काटे चिमट्याने काढा.

शटलचा रस्ता संपल्यावरचा हा सगळा भाग पुश रिज वाइल्डरनेस या राखीव रानात मोडतो. १९७८ च्या कायद्याने तो राखला गेला. आत वाहन नाही, सायकल नाही, कुत्रा तर बिलकुल नाही, कारण तिथे रानमेंढ्या आहेत. जानेवारी ते एप्रिल त्यांच्या पिल्लांचे दिवस, त्या काळात मेंढ्यांच्या राखीव टापूत वाट सोडून १२० मीटरपलीकडे जायला मनाई आहे, आणि तुम्ही नेमके त्याच दिवसांत जात आहात. तेव्हा फोटोसाठी उतारावर चढू नका. शौचाला जायची वेळ आली तर ओढ्यापासून किमान ६० मीटर लांब जा, वीतभर खोल खड्डा करून नंतर बुजवा. आपल्याला पाणी लागतं, ते बाटलीत भरून तिकडे न्यायचं. ओढ्याकाठी बसायचं नाही. डोहात साबण किंवा खरकटं डबे धुणं तर नकोच. वाळवंटात एवढंसं पाणी कितीतरी जनावरांचं एकमेव पाणी असतं. ओढ्याकाठच्या कॉटनवूड आणि सिकॅमोर झाडांची हिरवी रांग वरून पाहिलीत की हे सांगायची गरज उरत नाही. बाहेर सगळीकडे सग्वारो आणि करडा दगड, आणि मधे ही एकच ओळ.

आता सराव. सोलापूर सपाट आहे, आणि वनविहारातलं चालणं हृदयाला चांगलं असलं तरी गुडघ्यांना उताराची तयारी देत नाही. गुडघे दुखतात ते बहुधा उतरताना. अजून दोन महिने हातात असतील तर आठवड्यातून तीनदा घराच्या किंवा सोसायटीच्या जिन्यावर पाठीवर भरलेल्या बाटल्या घेऊन चढउतार करा. पहिल्या आठवड्यात दोन लिटर, मग हळूहळू चार. उतरताना टाच आपटू न देता सावकाश पाय टेकवायचा. महिन्यातून दोन रविवार बाहेर पडा. नळदुर्गचा किल्ला तटावरून पूर्ण फिरा, चढ थोडा असला तरी उन्हात दगडावरून तीन-चार तास चालणं होतं. दुसरं ठिकाण येडशीचं रामलिंग. बालाघाटच्या कुशीतल्या त्या दरीत पायऱ्या उतरून देवळापर्यंत जायचं आणि पुन्हा चढायचं, दर्शन झाल्यावर आणखी एक फेरी मारायची. तिथे माकडांमुळे खाऊ सॅकमध्ये बंद ठेवा. याच फेऱ्यांत नवे बूट पायाला बसू द्या आणि दोन काठ्या वापरायला शिका. एका काठीने गुडघा वाचत नाही. दोन लागतात, आणि उतारावर त्या थोड्या लांब करायच्या.

कपडे पूर्ण बाह्यांचे, फिकट, सैल. जीन्स नको. मोठ्या काठाची टोपी, कारण फिकट खडकावरून ऊन खालूनही येतं. सोलापूरचा एक सुती टॉवेल किंवा पंचा घ्या. सबीनो बेसिनला पोचलात की ओढ्यात भिजवून मानेवर टाका. त्या कोरड्या हवेत तो झपाट्याने गारवा देतो आणि पिण्याचं पाणी खर्च होत नाही. पहाटेसाठी वाऱ्याचं पातळ जाकीट असू द्या.

हचेस पूलला वाटेवरून एक आडवाट खाली उतरते, ती गप्पांच्या नादात सहज चुकते. फोनवर नकाशा आधीच उतरवून ठेवा आणि बेसिनपासून पुढे एक जण लक्ष ठेवून चाला. डोह लांबट, कातळाच्या मधे, आणि मार्चमध्ये पाणी बर्फासारखं गार असतं. तापल्या अंगाने उडी मारू नका. गार पाण्याच्या धक्क्याने श्वास अडकतो, आणि खाली दगड कुठे आहेत ते दिसत नाही. पाय सोडून बसा, भाकरी खा.

आणि ओढा चढता असेल तर दिवस वाया जात नाही. शेवटच्या थांब्यावरून फोनलाइन नावाची वाट घ्या. ती कॅन्यनच्या पूर्व अंगाने, ओढ्याच्या बऱ्याच वरून खाली येते. सग्वारोंच्या मधून चालता येतं आणि फुगलेला ओढा सुरक्षित उंचीवरून पाहता येतो. सावली तिथेही नाही, तेव्हा पाण्याचा हिशेब तोच. हचेस पूलला गेलात तर परतीच्या शटलवर नजर ठेवा, नाहीतर तेरा किलोमीटरनंतर डांबरी रस्त्याचे सहा किलोमीटर चालावे लागतील. तिच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, म्हणून आदल्या रात्री जावयांना त्या बघायला सांगा आणि शेवटच्या गाडीच्या आधीची गाडी धरून दिवस आखा.